सहा नंबरची बाटली

तालुक्याच्या गावी पाणी तपासायच्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी तेरा वर्षं नोकरी करते आहे. गावोगावचे जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीत पाण्याचं बघणारे लोक, विहिरी-हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून आमच्याकडे आणतात. कुणी गोडेतेलाच्या बाटलीत आणतो, कुणाची निम्मी बाटली एसटीत सांडलेली असते. एकाच्या तर सगळ्या चिठ्ठ्या पिशवीतच सुटल्या होत्या. ‘तुम्हीच अंदाजानं लावून टाका ना मॅडम,’ असं तो मलाच सांगत होता. अशांना मी आल्या पावली परत पाठवते. माझं तोंड फटकळ आहे असं ऑफिसात बोललं जातं, आणि ते खरंच आहे.

या सगळ्यांत एक माणूस मी नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवायची. इंद्रभानदादा. सोनाळ्याकडच्या एका लहान गावचे, पन्नाशी ओलांडलेले. दीड एकर कोरडवाहू, शिवाय पंचायतीचं काम. टाकीचा वॉल्व सोडायचा, पाण्यात पावडर टाकायची आणि वर्षातून दोनदा अकरा ठिकाणच्या अकरा बाटल्या आमच्याकडे पोचवायच्या. बाटल्यांची पिशवी ते एसटीत खाली ठेवत नसत, मांडीवर घेऊन बसत. प्रत्येक चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ, आणि अक्षर असं की दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शिकावं. पोच हातात पडल्याशिवाय जागचे हलत नसत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, मंजुळाबाईंच्या किडन्या गेल्या. आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, हे नवीन नाही, दर गावात दोन-चार घरं अशी सापडतात. आठवड्यातून दोनदा दादा त्यांना डायलिसिसला अकोल्याला नेत. गेल्या फाल्गुनात त्या वारल्या. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं दादा नेहमीसारखे अकरा बाटल्या घेऊन आले. मी चौकशी केली. ‘हो, गेली,’ म्हणाले आणि पोचेसाठी हात पुढे केला. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी शिक्का मारून पोच दिली.

यंदा जिल्ह्याचा पाण्याचा नकाशा करायचं ठरलं. प्रत्येक विहिरीचा, बोअरचा, हातपंपाचा एक ठिपका. पाणी पिण्याजोगं असेल तर हिरवा, जपून वापरायचं तर पिवळा, पिऊच नये असं असेल तर लाल. जुने सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. दादांच्या गावाशी आले तेव्हा पडद्यावर नुसते लाल-पिवळे ठिपके होते. त्यात दोनच हिरवे. चार नंबर, कडूबाची विहीर. सहा नंबर, खालच्या आळीतला हातपंप. दोघांत एक किलोमीटरचं अंतर.

मी त्या दोघांचे आकडे शेजारीशेजारी लावले. क्षार चार नंबरचे ५१२, सहा नंबरचे ५१२. त्याच्या आदल्या खेपेला ४९८ आणि ४९८. फ्लोराइड तेच, कठीणपणा तोच. नऊ वर्षं, अठरा खेपा, कुठंही दोन-तीन आकड्यांपलीकडे फरक नाही. उथळ विहीर आणि दोनशे फूट खोल बोअरचा हातपंप यांचं असं जुळत नसतं. एकाच विहिरीतून काढलेल्या दोन बादल्यांचं जुळतं.

मला आधी दादांचा राग आला. मग स्वतःचा आला, कारण अठराही अहवालांखाली सही माझीच होती. थोड्या वेळानं तोही ओसरला. डब्याची वेळ झाली होती, मी जेवून घेतलं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या जीपनं त्यांच्या गावी गेले. दादा अंगणात मोकळे नळजोड साफ करत बसले होते. माझ्या हातातलं क्षार मोजायचं मीटर बघितलं आणि त्यांना कळलं. नाही-होय काही केलं नाही. सहा नंबरचा हातपंप त्यांच्याच दारासमोर होता. स्वतःच जाऊन तो हापसला आणि माझी बाटली भरून दिली, तीनदा खळबळून. मीटरवर क्षार एकोणीसशे आले. फ्लोराइडचं औषध टाकल्याबरोबर बाटलीतला गुलाबी रंग पिवळा पडला. पिवळा जितका गडद, तितकं फ्लोराइड जास्त. आमच्या तक्त्यावर याहून गडद एकच घर शिल्लक होतं.

हे कसं झालं ते त्यांनी पंपाच्या कट्ट्यावर बसून सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं. पहिल्या वर्षी दहा बाटल्या भरून झाल्या आणि पंपाची साखळी तुटली. सातची एसटी चुकली असती. स्टॉपच्या वाटेवर कडूबाची विहीर लागते, तिथूनच अकरावी बाटली भरली. पुढच्या वेळी खरं पाणी नेलं असतं, तर आकडे फिरले असते आणि मागची लबाडी उघडी पडली असती. म्हणून पुन्हा तीच विहीर. मग तसाच पायंडा पडत गेला. शिवाय त्यांच्या मनाला कधी शंका शिवली नव्हती. या पंपाच्या पाण्यात तुरीची डाळ अर्ध्या तासात शिजते. कडूबाच्या विहिरीच्या पाण्यात दोन तास चूल जाळली तरी दाणा दाताखाली येतो. आमच्याकडे पाणी असंच पारखतात. डाळ शिजली की पाणी चांगलं. फ्लोराइड बहुतेक वेळा अशाच खारट पण मऊ पाण्यात साचतं, हे मी किती सभांमध्ये सांगितलं असेन. सभेत मान डोलते, घरी डाळ शिजते.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मला एकच विचारलं.

‘मॅडम, थे मंजुळा ह्या पान्यानंच गेली का?’

‘सांगता येत नाही, दादा,’ मी म्हणाले. किडनीची कारणं बरीच असतात, डॉक्टरांचंही अजून एकमत नाही, पाण्याच्या आकड्यावरून माणसाचं सांगता येत नाही, वगैरे. खरं तेच सांगत होते.

‘हो म्हना ना.’

मी हो म्हणू शकत नव्हते. नाहीही म्हणू शकत नव्हते. त्यांनी मान हलवली आणि पंपाच्या दांड्यावरचं पाणी हातानं निपटून काढलं. एवढं वाईट मला मंजुळाबाई गेल्याचं कळलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

जीपमध्ये लाल रंगाचा डबा होता. पिण्याला अयोग्य ठरलेला पंप लाल रंगवायचा असा नियम आहे. मी डबा उघडला तोवर पाण्याला बायका जमल्या. सगळ्यांत पुढे शेजारच्या अंबूबाई. मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाण्याचा गुंड पंपाच्या नळाखाली लावला. त्यांचं म्हणणं असं की नऊ वर्षं हे पाणी चांगलं असल्याचा कागद पंचायतीत लागतो, तुमचाच कागद. आज सकाळी ते एकाएकी कसं बिघडलं? तुमचं यंत्र बिघडलं असेल. मागच्या बायकांनाही ते पटलं. मलाही त्यांच्या जागी पटलं असतं. माझ्या मीटरच्या विरुद्ध माझ्याच अठरा सह्या उभ्या होत्या.

त्यांना थांबवणारी गोष्ट एकच होती आणि ती दादांनाच सांगता येत होती. मी सांगितली असती तर तो आरोप झाला असता. न सांगता मी रंग फासून गेले असते, तरी त्या लाल पंपाचंच पाणी रोज रांजणात गेलं असतं. पण सांगितलं की दादांचं काम जाणार, गावात मान वर करायची सोय राहणार नाही. आणि रांगेत तिसरी त्यांची मुलगी अर्पिता उभी होती. आई गेल्यापासून घरचं पाणी तीच भरत होती.  ऑफिसातून पंचायतीला रीतसर पत्र पाठवू, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दादा उठले. अंबूबाईंचा गुंड त्यांनी नळाखालून बाजूला केला.

‘भरू नको, अंबूबाई,’ ते म्हणाले. ‘नऊ सालं मी ह्या पंपाचं पानी तपासाले नेलंच नाई. कडूबाच्या विहिरीचं भरून नेलं. थो कागद त्या विहिरीचा आहे. हे पानी खराब आहे. मंजुळेले मी हेच पाजलं.’

उद्या नळ किती वाजता सुटेल ते सांगताना असतो, तोच आवाज.  अंबूबाईंनी गुंडातलं भरलेलं पाणी नालीत ओतलं आणि पदर सावरून त्या घराकडे वळल्या. एकेक करून बाकीच्याही पांगल्या. राहिली अर्पिता.

तिनं रिकामा गुंड कमरेवरून काढून हातात धरला. रडत नव्हती. बराच वेळ ती वडिलांकडे बघत राहिली, हिशेब जुळत नसावा तशी.

‘बाबा, बाटली भराले तुमी कडूबाकाकाच्या विहिरीवर जातच होते ना,’ ती म्हणाली. ‘मंग मायसाठी एक गुंड तिथूनच काऊन नाई आनला?’

  गुंड घेऊन ती कडूबाच्या विहिरीच्या रस्त्याला लागली.