काहूनमाय आणि सूर्यावरचा पंप

आमच्या मोठ्या मायला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, सारा गाव काहूनमाय म्हणायचा. प्रत्येक गोष्टीत ‘काहून?’ म्हणून कारण विचारायची तिची खोड. नाव चेष्टेने पडले, पण तिने ते दागिन्यासारखे मिरवले. चौथी शिकलेली ही बाई डॉक्टरांनी गोळी दिली तरी विचारायची, "जेवल्यावरच काहून? अगुदर काहून नाई?" उत्तर मिळेपर्यंत गोळी पदराच्या गाठीत. मोर्शीचे डॉक्टर तिला पाहिले की आधीच सगळे समजावून मोकळे व्हायचे.

आमचे घर फुलांचे. झेंडू, शेवंती लावायची आणि अमरावतीच्या बाजारात न्यायची. शेतात सौरपंप आला तेव्हा बसवणारी माणसे अर्ध्या दिवसात काम उरकून, मोठ्या बाबांची, म्हणजे थोरल्या काकांची, सही घेऊन निघून गेली. काय करायचे, काय नाही, हे कोणी सांगितले नाही.

दसऱ्याला अवजारांबरोबर आम्ही त्याचीही पूजा केली. फूलवाल्यांच्या घरी हारांची काय कमी? एकेका पॅनलवर मनगटाएवढे जाड हार आडवेतिडवे घातले. पूजेची फुले सुकेपर्यंत हलवायची नाहीत, हा घरचा रिवाज. दुसऱ्या दिवसापासून पाण्याची धार करंगळीएवढी झाली आणि दिवाळीचा झेंडू माना टाकू लागला. मोठे बाबा चिडले. "सूर्यावरचा पंप म्हंजे निस्ता देखावा. उद्या डिझेल इंजिन परत बसवतो."

मोठी माय पॅनलसमोर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसली. "पूजेच्या अगुदर चालत होता, मंग आता काहून नाई?" मला पाइपाच्या तोंडाशी उभे करून तिने एक हार उचलला. धार वाढली. परत ठेवला, बारीक झाली. मग तिने सगळेच हार काढले, आणि पाणी असे धो धो आले की माझी चप्पल सरीतून वाहून गेली.

पूजा मोडली म्हणून मोठे बाबा संतापले. ती शांतपणे म्हणाली, "सूर्य बी देवच हाये ना? त्याच्या मधात आपन काहून उभं राहाचं?" हार तिने पॅनलच्या लोखंडी पायांना बांधले. डिझेल इंजिन काही आले नाही.

माझी बारावी झाली होती, घरात स्थळांची बोलणी चालू होती. तिने ती थांबवली. "मशीन घरात आलं, पन ते समजनारं कोनी नाई आलं. या पोरीले शिकू द्या."

"पोरीले काहून?" मोठ्या बाबांनी विचारले. आयुष्यात एकदाच त्यांनी हा प्रश्न विचारला, आणि तोही नको त्या बाईला. अमरावतीच्या आयटीआयत वीजतंत्रीच्या वर्गात मी एकटी मुलगी होते, याचा माझ्यापेक्षा तिलाच जास्त तोरा होता.

ती गेली त्याला दोन वर्षे झाली. आता मी गावोगावी बायांना सौरपंप समजावून सांगते. परवा हिवरखेडला शिकवणे संपवून विचारले, "समजलं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, या पॅनलचं तोंड दक्षिनेकडंच काहून?"

बाकीच्या हसल्या. मी त्या आजींना हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवले आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगितले.