ठमे, ऊठ तिथून!

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला जांभई येते. मी अमरावतीची, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि हे लिहितेय ते केवळ ऑफिसातल्या लोकांनी विचारून विचारून डोकं उठवलंय म्हणून.

हिंजवडीतल्या कंपनीत लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. राहायला कोथरूडला. कसबा पेठ तोवर पाहिलीसुद्धा नव्हती. एचआरने टूम काढली - पारंपरिक वेशात कसबा पेठेत हेरिटेज वॉक! त्यासाठी रविवार गेला आमचा! सकाळी आम्ही अकरा जण ड्रेपरीच्या दुकानात, म्हणजे नाटकांचे कपडे भाड्याने देतात तिथे. मला शिवलेली हिरवी नऊवारी मिळाली आणि नाकाला चिमटे काढणारी नथ. पुरुषांचे फेटे दर दोन मिनिटांनी सुटत होते.

तांबट आळीपाशी गाइड काहीतरी सांगत होते, आणि मी... चालू लागले. आधी डावीकडे, मग एका बोळात. कशासाठी, ते मलाही कळेना. फक्त घाई होती. उशीर होतोय, असं आतून वाटत होतं.

मागून गाइडचा आवाज - "मॅडम, आपल्याला रस्ता माहीत असेल तर पुढचं आपणच सांगा. आम्ही ऐकतो."

बोळाच्या टोकाला भांड्यांचं छोटं दुकान. आत सत्तरीच्या एक बाई जमिनीवर बसून चिंचेने तांब्या घासत होत्या. मी उंबऱ्यातूनच ओरडले, "ठमे, ऊठ तिथून! ऊठ आधी!"

एवढ्या मोठ्या, अनोळखी बाईंना एकेरी हाक! पण त्या उठल्या. तांब्या हातात तसाच, माझ्याकडे बघत दोन-तीन पावलं पुढे आल्या... आणि मागे माळा कोसळला. फळ्यांसकट सगळी जड भांडी, त्या बसल्या होत्या नेमकी तिथे.

धूळ जरा खाली बसली. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ठमी कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही हो."

"माझं नाव सुशीला. ठमी फक्त माझी थोरली बहीण म्हणायची. ती जाऊन चाळीस वर्षं झाली."

झालं! टीमला लगेच उत्तर सापडलं - साडी त्या बहिणीची असणार! परत करताना ड्रेपरीवाल्या बाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "अहो, परवाच शिवून आलीये. तुमच्या आधी तिच्यावरून फक्त इस्त्री फिरलीये."

मग आमचा लीड म्हणाला, फळी करकरलेली ऐकली असशील. बोळाच्या बाहेरून? आणि नाव? नवरा म्हणतो, ऊन लागलं. सकाळी साडेनवाला! आईने फोनवर विचारलं, "काहून वं, उपाशीपोटी गेली होती का?"

सुशीलाबाई एकट्याच असं काही विचारत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. चहा झाला. मी निघताना हळूच म्हणाल्या, "एकदा म्हण ना."

मी म्हटलं, "ठमे..."

त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग मान हलवली. "नाही गं. त्या दिवशी तिचा आवाज होता."

त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या. आता यावर मी कोणाला काय समजावून सांगू? मलाच काही कळलेलं नाही.