तात्यांचा टेम्पो

आमच्या रेकॉर्डिंग रूममध्ये खाली एक ड्रॉवर आहे. जुन्या केबल मी त्यात नीट गुंडाळून, रबर लावून ठेवतो. तरी चार दिवसांनी उघडावा, तर सगळ्या एकमेकींत अडकलेल्या! एक ओढली की पाठोपाठ बाकीच्या बाहेर. कॉलेजातल्या किश्शांचंही तसंच आहे. काल चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज विचारलं, "ती निमगावची ऋतुजा आठवते का हो?" झालं, वायर ओढली गेली.

बारामतीतल्या एका कॉलेजात मी साउंडचं काम बघतो. ऋतुजा तिथं मीडियाच्या कोर्सला होती. रोज निमगाव केतकीहून एसटीनं यायची. तिचे वडील बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. घरातले, गावातले, बँडमधले, सगळे त्यांना तात्याच म्हणत, ऋतुजासुद्धा. डीजे आल्यापासून लग्नाच्या सुपाऱ्या कमी कमी होत चालल्या होत्या. तात्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, "औंदाची लग्नसराई शेवटची. मंग क्लॅरोनेट खोक्यात, आन् खोकं माळ्यावर!"

त्याच वर्षी ऋतुजाचा शेवटचा प्रोजेक्ट होता. आपल्या भागातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची व्हिडिओ करून प्रसिद्धी करायची. तिला तात्याच हवे होते, तेही खोकं माळ्यावर जायच्या आत. पण तात्या म्हणाले, "लोकांच्या वराती वाजवतो मी. त्याचा कसला शिनिमा?"

ऋतुजा मला म्हणाली, "काका, आधी दुसऱ्यांवर हात बसवते. मग तात्यांना धरते."

*

पहिला हात बसला तो कळसच्या एका आबांवर. आबा भजनात पखवाज वाजवायचे. आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत आलेले, तरी मांडी घालून अगदी निवांत बसले होते. घाबरली होती ती ऋतुजाच! टीव्हीवरच्या बायकांसारखी भाषा तिनं आदल्या दिवशी पाठ केलेली.

"आबा, आपला आजवरचा प्रवास कसा झाला?"

"आजचा व्हय? बरा झाला. कळसला गाडीत जागा न्हवती, उभाच होतो. पुढं एक बाई उतरली, मंग टेकलो."

"नाही, म्हणजे... सुरुवात कुठून झाली?"

"कळसच्या स्टँडावरनं!"

हेडफोन लावून बसलेल्या माणसाला मोठ्यानं हसता येत नाही, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा त्रास.

ऋतुजानं हातातला कागद खाली ठेवला. आबांच्या समोर जमिनीवर बसली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "आबा, पैली थाप तुमाला कोनी शिकवली वो?"

मग आबा जे बोलायला लागले! चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. 'प्रवास' हा शब्द ऋतुजाच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकला नाही.

आबा मात्र विसरले नव्हते. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "पोरी, परतीचा कसा झाला, ते उद्या फोनवर सांगतो!"

*

नंतर आला इंदापूरचा एक रॅपर. नाव बाळासाहेब, घरी बाळ्या, मोबाइलवर 'अकेला'. काळा चष्मा, काळी टोपी, दुपारच्या उन्हात काळं जर्किन! गाण्याचा मुखडा होता, "मागं कुणी नाही माझ्या, मागं कुणी नाही."

शूटिंग उसाच्या बांधावर. बाळ्या जीव तोडून गात होता. तिसऱ्यांदा "मागं कुणी नाही" आलं आणि मागचा ऊस हलला. डोक्यावर पदर, हातात डबा, अशी त्याची आई बाहेर आली.

"मी हाय की मागं! कवाधरनं हाका मारतीय! आदी भाकरी खाऊन घे!"

बाळ्या चिडला. "मॅडम, हे कापा!"

ऋतुजा म्हणाली, "आठ दिवस ठेवून बघू. लोक हसले तर कापते."

लोक हसले, पण बाळ्याला नाही. "माझी आई पण अशीच," असं लिहून ज्यानं त्यानं तो व्हिडिओ आपापल्या घरी पाठवला. आठ दिवसांनी बाळ्या स्वतःहून आला. चष्मा खिशात होता.

"मॅडम, नवीन गाणं केलंय. आई कवा मोकळी हाय ते इचारतो, मंग तारीख ठरवू."

आणि तात्या राजी झाले ते ह्याच व्हिडिओमुळं. तो त्यांनी दोनदा बघितला म्हणे. मग एवढंच म्हणाले, "पोरीनं त्या माउलीचं हसं केलं न्हाय. येतो मी."

*

तात्यांच्या आधी एक फ्लेक्स मध्ये येतो, तो सांगायलाच हवा.

इंदापूरकडच्या एका गावात जयंतीचा कार्यक्रम होता. भीमगीतं गाणाऱ्या ताई म्हणजे दिवसा शाळेत बाई, संध्याकाळी स्टेजवर वाघीण. ऋतुजा त्यांची प्रसिद्धी बघत होती. चौकात फ्लेक्स लागला म्हणून फोटो काढायला आम्ही दोघं गेलो. बघतो तर फ्लेक्सवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, मार्गदर्शक, भावी सरपंच, आणि पाळण्यातलं एक बाळसुद्धा!

ऋतुजा म्हणाली, "दादा, ताई कुठायत?"

मंडळाचे दादा जवळ गेले, नीट शोधलं आणि म्हणाले, "बसल्या न्हाईत, मॅडम. पर नाव टाकलंय. हे काय, मंडपवाल्याच्या नंबराच्या वर."

"अहो, पण गाणार त्या आहेत!"

"मॅडम, तुमी शिकल्याली मानसं. नुसता ताईंचा फोटो लावला, तर फ्लेक्स बघनार कोन? ज्याचा फोटो, त्योच थांबून बघतो. वर चार जनांना आनून दाखवतो!"

परत येताना ऋतुजानं वाटेतला प्रत्येक फ्लेक्स वळून वळून बघितला. मला वाटलं, पोरगी नाराज झाली. बारामती आल्यावर ती म्हणाली, "काका, आमच्या सरांनी सहा महिने शिकवलं ते दादांनी एका वाक्यात सांगितलं!"

*

तात्या स्टुडिओत आले ते बँडच्या ड्रेसमध्ये, खांद्यावर सोनेरी झालर लावून. बरोबर दोघं-तिघं वाजवणारे आणि ढोलवाला महादू.

खुर्च्या मांडल्या, माइक लावले, सुरू केलं. पण लय काही बसेना. मी म्हणालो, "महादू, टेम्पो मागं पडतोय. जरा पुढं घ्या."

महादूनं ढोल खाली ठेवला, खिशातून किल्ली काढली आणि तो जिना उतरून गेला. खाली त्यानं बँडचा टेम्पो पुढं घेतला, झाडाखाली सावलीत लावला आणि परत आला. "घेतला. आता कुनाला आडचन न्हाय!"

तरी वाजणं जमेना. शेवटी तात्याच उठले. "बसून न्हाय वाजत. आमची फुंक पायातनं येती." म्हणून खोलीतल्या खोलीत चालत वाजवायला लागले. दोन फेऱ्या मारून परत थांबले आणि वळून बघितलं.

"मागं कोन हाय?"

"कुणी नाही तात्या. रेकॉर्डिंग आहे ना."

"मागं नवरदेव न्हाय, तर वाजवायचं कसं? घोड्यावर असला तर येगळं, ट्रॅक्टरवर असला तर येगळं. मागं कोन हाय, त्याच्यावर ठरतं समदं!"

ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला आवडली नाही.

पाचव्या मिनिटाला मी चाकाच्या खुर्चीत होतो. डोक्यावर टेबलक्लॉथचा फेटा, त्यावर हेडफोन, मांडीवर रेकॉर्डर. वर्गातली दोन पोरं मागून खुर्ची ढकलत होती. तात्यांनी वळून नवरदेव नीट न्याहाळला आणि बँडला सांगितलं, "नवरदेव थोराड हाय. दमानं घेऊ!"

त्या रेकॉर्डिंगमध्ये खुर्चीच्या चाकाचा बारीक आवाज शेवटपर्यंत आहे. ऋतुजानं तो काढू दिला नाही.

*

व्हिडिओ सगळीकडं गेला. ऋतुजा धावत घरी गेली. "तात्या, किती लोकांनी बघितला, बघा तरी!"

तात्यांनी मोबाइल लांब धरून आकडा वाचला. "बरं. ह्यातलं नाचलं किती?"

 दुसऱ्या दिवशी तो प्रश्न मला सांगता सांगता ती एकदम उठली. त्या फ्लेक्सवाल्या दादांचं वाक्य आठवलं असणार. पुढच्या प्रत्येक वरातीत ती गेली आणि तात्यांना सोडून नाचणाऱ्यांनाच टिपत बसली. नवरीची आत्या, काठी उंच धरून नाचणारे आजोबा, चालत्या वरातीत उतरून दोन पावलं नाचणारा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. क्लॅरोनेट फक्त ऐकू यायचं. ज्याचा फोटो, त्यानं थांबून बघितलं आणि चार जणांना दाखवलं!

एक सुपारी आली. गावातलीच, हंगामातली शेवटची. "डीजे नको, त्या व्हिडिओतले क्लॅरोनेटवालेच पायजेत."

ऋतुजाला वाटलं, जिंकलो. तात्या म्हणाले, "एका सुपारीनं सराई होत न्हाय, बाळ. ही वाजवतो, आन् खोकं बंद."

*

ते लग्न. भर दुपार, निमगावचा रस्ता, घोड्यावर नवरदेव, पुढं बँड. बँडच्या पुढं ऋतुजा, कॅमेरा घेऊन उलट्या पावलांनी चालत. शेजारी मी, काठीला माइक बांधून. महादूच्या ढोलावर दोरीनं बांधलेलं क्लॅरोनेटचं रिकामं खोकं.

ऋतुजानं मला आधीच सांगितलं होतं, "काका, कार्यालयाच्या दारात तात्या थांबतील. क्लॅरोनेट पुसतील, खोक्यात ठेवतील. तोच आपला शेवटचा शॉट." सांगताना आवाज अगदी प्रोफेशनल होता. डोळे नव्हते.

कार्यालय आलं. बायकांनी नवरदेवाला ओवाळलं, घोड्यावरून उतरवलं, आत नेलं. बँड थांबला. महादूनं खोकं सोडून हातात घेतलं.

तात्या थांबले नाहीत. कारण ऋतुजा थांबली नव्हती.

ती तशीच मागं मागं जात होती, कॅमेरा डोळ्याला लावून. कार्यालय गेलं, पिठाची गिरणी गेली. तिच्या समोर तात्या, वाजवत.

मी हळूच म्हणालो, "अगं, झाला शॉट. कट म्हण!"

"काका, मी थांबले तर ते थांबतील."

मागून महादू खोकं घेऊन पळत येत होता. "तात्या! वो तात्या! नवरदेव मागं राह्यला!"

तात्यांनी क्लॅरोनेट ओठावरून जरासं बाजूला केलं.

"त्यो पोचला रं, महादू. पुढची चाललीय अजून."

आणि टेम्पो वाढवला.