दर मार्चला रंग काढणारे मामा

मार्च उजाडला की आमच्या मामांच्या अंगात यायचं. एरवी माणूस अगदी शांत. श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत त्यांच्या चार खोल्या होत्या. त्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या, जेवण मामीच्या हातचं. सुट्ट्यांत खोली मिळायची मारामार. धंदा बरा चालायचा आणि मामांना नेमकं तेच खुपायचं. धंदा चालला की नफा, आणि नफा दिसला की टॅक्स!

मग वर्ष संपायच्या आत नफा कमी करायची घाई. गेल्या वर्षीचा रंग चकचकीत असताना खोल्यांना पुन्हा रंग. चादरी नव्या, पडदे नवे, ताटं नवी. "सरकारला देण्यापेक्षा भिंतीला दिलेला बरा," असं ते म्हणायचे. टॅक्स वाचायचा थोडा आणि रंगात जायचे त्याच्या कितीतरी पट. हे साधं गणित मी सांगायला गेले की मामा माझ्याकडे अशा संशयाने बघायचे, जणू आयकरवाल्यांनी मलाच पाठवलंय.

रोखीने आलेलं भाडं तर हिशेबात धरायचेच नाहीत. मामी वैतागायची. "अवो, थोडे तरी बँकेत ठेवा. उद्या काय झालं तर?" मामांचं उत्तर ठरलेलं, "बँकेत ठेवले का दिसतात. दिसले का जातात." ते पैसे मग लग्नकार्यात आणि लोकांच्या अडीअडचणीत जिरायचे. हात भारी सढळ. माझ्या मसाल्याच्या दुकानातली पहिली चक्की त्यांनीच घेऊन दिली. पावती मात्र स्वतःच्या नावाने केली, खोल्यांच्या खर्चात दाखवायला!

आणि मग एका वर्षी मोठं चक्रीवादळ आलं. सुपारीची झाडं मोडून खोल्यांवर पडली, पत्रे उडाले, रंगवलेल्या भिंती आडव्या झाल्या. गाठीला काहीच नव्हतं. मामा कर्ज मागायला बँकेत गेले, सोबत मी.

अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. म्हणाला, "काका, तुमच्या रिटर्नमध्ये उत्पन्न फारच कमी आहे. यात हप्ता कसा झेपणार?"

मामा पुढे सरकले. "साहेब, तो आकडा टॅक्सवाल्यांसाठी हाय. खरी कमाई बरी हाय. गावात कुणालाही विचारा."

"काका, मला हाच आकडा धरावा लागतो."

मामा उठेनात. त्यांनी हात जोडले. "सुपारी परत धरायला वर्षं जातील, साहेब. तोवर खोल्यांवरच जगायचं हाय. त्या उभ्या राहिल्या न्हाय तर वाडी जाईल माझी."

कायम देणाऱ्या त्या माणसाला हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. पुढे आणखी दोन ठिकाणी गेलो. तिथेही तेच कागद मागितले आणि तेच उत्तर मिळालं. परतताना मामा रस्ताभर एकच म्हणत होते, "अगो, मी चोरी न्हाय केली. वाचवत होतो."

शेवटी मुंबईच्या एका माणसाने वाडी घेतली, अर्थात पडेल किमतीत. मामांना त्याने पगारावर देखरेखीला ठेवलं आणि मामीला स्वयंपाकाला.

मी आता पूर्ण नफा दाखवते. कायद्यात बसतात तेवढ्या सवलती घेते, टॅक्स भरते आणि उरतं त्यातलं बँकेत टाकते. भरताना जीव तुटतो, खोटं कशाला बोलू? पण मामांचे ते जोडलेले हात आठवतात आणि मी मुकाट्याने भरते.

परवा वाडीवर गेले होते. खोल्या पुन्हा उभ्या राहिल्या आहेत, पहिल्यापेक्षा झोकदार. मला बघून मामांना केवढा आनंद झाला! त्यांनी मला पडवीत बसवलं, दुकानाची चौकशी केली, पंखा लावला. मग दाराशी जाऊन आत डोकावले आणि परत येऊन हळूच म्हणाले, "जरा थांब हां गो. मालक आंघोळीला गेलेत. आले का त्यांना विचारतो आणि तुला च्या टाकायला सांगतो."