आजी स्टोअरमध्ये आहे

आमच्या बार्शीकडच्या घरात वस्तू ठेवायच्या जागांना नावं होती आणि त्या नावांवरून भांडण होत नव्हतं. फडताळ म्हणजे भिंतीतलं कपाट. कोनाड्यात दिवा. माळा म्हणजे शिडीने चढून वाकून का होईना, पण उभं राहता येतं ती जागा. चंदीगडला मुलाकडे आले आणि घोटाळा सुरू झाला. सून नागपूरची, ती कपाटाला आलमारी म्हणते. स्वयंपाकघराच्या दारावर सिमेंटची एक फळी आहे, तिलाच ती माळा म्हणते. त्यावर मांजर बसायचं झालं तर शेपूट बाहेर राहील. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आजी, सगळ्यांच्या बीजी, त्याच फळीला परछत्ती म्हणतात. नात नुसतं "ऊपर" म्हणते. शब्द कुणाचाही असो, स्टूल आणून मुलगाच चढतो.

या शब्दांचं मला काही नव्हतं. मला टोचायचा तो एकच. स्टोअर.

मुलगा इथे इस्पितळात डॉक्टर आहे. सरकारी घर. बैठकीची खोली, झोपायच्या दोन खोल्या आणि एक स्टोअर. एक खोली मुलासुनेची, एक नातीची, कारण तिचा अभ्यास. मला स्टोअर मिळालं. खिडकी होती, पंखा होता, तक्रार नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, सध्या इथे रहा, मग बघू." मग कुणी बघितलं नाही. मी राहायला आले तरी खोलीचं नाव स्टोअरच राहिलं. फोनवर कुणी माझी चौकशी केली की नात सांगायची, "आजी स्टोर में हैं." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतून येतं.

एकदा मुलाचे साहेब बायकोला घेऊन चहाला आले. बाईंनी विचारलं, "माताजी कहाँ हैं?" नातीने पोह्यांची बशी पुढे करत सांगितलं, "स्टोर में." बाईंना वाटलं, म्हातारी काहीतरी काढायला गेली आहे. बऱ्याच वेळाने त्या मदतीला आत आल्या. मी पलंगावर पाय पसरून शेंगा सोलत होते.

"क्या ढूँढ रही हैं, माताजी?"

"कुछ नहीं. मैं यहीं रहती हूँ."

बाई आल्या तशा गेल्या. सुनेचं तोंड त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरलेलं होतं. मी तिला म्हटलं, "मग नाव बदला."

"आई, नावात काय आहे?"

"मग तुमच्या खोलीला म्हणा स्टोअर."



त्यातून माझा पलंग. इकडे पलंगाच्या पोटात पेटी असते, वरची फळी उचलून सामान ठेवायचं. घरातल्या चारही रजया माझ्या पलंगाच्या पोटात आणि मी वर. थंडी पडली की ज्याला रजई हवी तो येणार, मला उठवणार, गादी गुंडाळणार, फळी उचलणार. मी कोपऱ्यात उभी. बीजींकडे असलं काही नाही. त्यांची पेटी म्हणजे लोखंडाची, म्हैस मावेल एवढी, लग्नात माहेरून आलेली. किल्ली त्यांच्या ओढणीच्या गाठीला. त्यांच्या सुनेला पाहुण्यांसाठी रजई काढायची तर आधी बीजींना विचारावं लागतं. त्या मला म्हणायच्या, "जीहदी पेटी, ओहदा सियाल." ज्याच्याकडे पेटी, त्याचा हिवाळा. माझ्याकडे पेटी होती, पण तिचं झाकणच मी होते.

गेल्या वर्षी नवरात्र जवळ आलं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुऊन निघतं. भांडी, डबे, पडदे, अंथरूण-पांघरूण. नदीवर गोधड्यांची रांग लागायची. माझ्या पलंगातलं पांघरूण न धुता मी घटासमोर बसणार नव्हते. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. चारही रजया एकेक करून गच्चीवर ओढत नेल्या, नळाची रबरी नळी सोडली, साबण टाकला आणि पायाने तुडवल्या. गुडघे दुखले, पण पाणी काळं निघालं तेव्हा बरं वाटलं. मग कठड्यावर टाकल्या. एकेक रजई पाणी पिऊन रेडकासारखी जड झालेली.

पाणी खाली बीजींच्या पापडांवर पडलं. बीजी धापा टाकत वर आल्या. पापडांबद्दल बोलायला आल्या होत्या, पण कठड्याकडे बघून त्या ते विसरल्या.

"भैणजी, ये क्या किया?"

"धोया."

"रजाई भी कोई धोता है?"

"हमारे यहाँ धोते हैं."

"आपके यहाँ रजाई होती है?"

नव्हती. आमच्याकडे गोधडी असते, जुन्या लुगड्यांची. ती धुतली की सपाट वाळते. रजईत कापूस असतो. वाळल्यावर तिच्यात गाठी झाल्या, बटाटे भरल्यासारख्या.

संध्याकाळी सुनेने रजई उचलली. सगळे बटाटे एका टोकाला गेले.

"आई, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"माझ्या पलंगात होत्या."

"पलंग तुमचा आहे. आतली जागा स्टोअरची आहे."

"म्हणजे मी वर भाड्याने आहे का?"

मुलगा वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर गेला. अंधार पडला होता तरी.

मिटवलं बीजींनी. त्यांनी त्यांचा पिंजारी बोलावला. त्याने सगळा कापूस उसवून काढला, पिंजला, नवी खोळ घालून टाके मारले. आल्या तेव्हा एकेक रजई फुगून दोन रजयांएवढी झालेली. सुनेने त्या माझ्या पलंगात भरल्या आणि फळी लावली. फळी लागेना. मुलगा वर बसला. तरी लागेना. नात बसली. मग मला बसवलं, तर मी होडीत बसल्यासारखी एका अंगाला कलंडले.

"यहाँ नहीं आएँगी," नात म्हणाली.

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी पलंगावरून उतरले. पलंग मला आवडतो, पण रजयांची बाजू घ्यायला मी बांधलेली नव्हते.

घरात एवढी मोठी पेटी दुसरी एकच, मुलासुनेच्या डबल बेडची. तिच्यात लग्नातला काचेचा सेट होता, पाहुण्यांसाठी ठेवलेला. इतक्या वर्षांत त्याला लायक पाहुणा आलाच नव्हता. सेट गेला माळ्यावर किंवा परछत्तीवर, जे म्हणाल ते. रजया गेल्या त्यांच्या बेडमध्ये. थंडी संपल्यावर परत माझ्याकडे आणायच्या असं ठरलं होतं. ते "मग बघू" खात्यात गेलं.

आता माझ्या पलंगात माझी लुगडी आहेत, शेंगांचा डबा आहे आणि कुलूप आहे. किल्ली पदराला. कुणी माझी चौकशी केली तर नात अजून "स्टोर में" म्हणते, सवय आहे. पण यंदा थंडी लवकर पडली. रविवारी सकाळी मुलगा-सून झोपलेली असताना मी त्यांच्या दारावर टकटक केली.

"कोण?"

"मी. रजई काढायची आहे. उठा."

दोघं उठून कोपऱ्यात उभी राहिली. मुलगा जांभई देत होता. मी गादी सावकाश गुंडाळली. मला कसली घाई नव्हती.

"आई, ही वेळ आहे का?" सून म्हणाली.

"स्टोअरला कसली वेळ?" मी म्हटलं.