पौर्णिमेचा सदरा

बुद्धपौर्णिमेला बाबा दरवर्षी नवा पांढरा सदरा घालत, आणि तो शिवायचा अमरावतीच्या इतवारा बाजारातल्या चाचांनीच. बाबा शाळेत मास्तर, चाचा टेलर. शाळा सुटली की बाबा त्यांच्या दुकानात पेपर वाचायला बसत. पेपर घरीही यायचा, पण घरी वाद घालायला कोणी नव्हतं. आई तर वादाला उभीच राहत नसे.

वादात पारडं नेहमी बाबांचं जड. जगात कुठे चाचांच्या धर्माचं नाव घेऊन कोणी बंदूक चालवली, की बाबा पेपर त्यांच्यापुढे टाकत. चाचा मशीन न थांबवता म्हणत, "ते आमचे नाईत, मास्तर."

"मंग कोनाचे आहेत?" बाबा हसत. "आमच्या धम्माच्या नावानं कोनी रक्त सांडलं, असं दाखवा मले."

चाचा दातानं धागा तोडत आणि पुढची शिवण घेत. बाबांचा अभिमान खोटा नव्हता. आजोबांना भातकुलीकडच्या गावात विहिरीवर पाणी भरू देत नसत. या धम्मानं आमच्या घराला ताठ मान दिली. माणसाचे हक्क वगैरे शब्द आम्ही नंतर पुस्तकात वाचले.

मग ब्रह्मदेशातल्या रोहिंग्या मुसलमानांच्या बातम्या येऊ लागल्या. जळकी गावं, लेकरं काखेत घेऊन चिखलातून पळणाऱ्या बाया, आणि त्यांच्याविरुद्ध भाषणं ठोकणारे चीवर पांघरलेले भिक्खू. आमच्या विहारातली संगमरवरी मूर्ती त्याच देशातल्या उपासकांनी दिलेली. त्या दिवशी बाबांना न्यायला मी दुकानात गेलो होतो. टीव्हीवरचे ते भिक्खू बघता बघता चाचांनी मशीन थांबवली. आवाजात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते.

"मास्तर, हे तुमचेच आहेत ना?"

बाबांच्या ओठांवर आलेलं वाक्य मला दिसलं. चाचांचंच होतं ते, 'ते आमचे नाईत.' बाबांनी ते गिळलं, चष्मा खिशात घातला आणि ते उठले.

त्यानंतर ते दुकानात गेले नाहीत. पौर्णिमेला जुनाच सदरा घालून विहारात आले आणि म्हणाले, आज मैत्री भावना करताना, सगळ्यांचं मंगल चिंतताना, त्या पळणाऱ्या लोकांचंही नाव घेऊ. एक कार्यकर्ता म्हणाला, "गुरुजी, ते बाहेरच्या देशाचं राजकारण. आपल्याले काय करायचं?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाबा घरी आले ते न जेवताच झोपले. मला त्या सगळ्यांचा संताप आला होता.

"चाचांकडे तरी जाऊन या," मी सकाळी म्हटलं.

"काय सांगू त्याईले? त्याईच्याकडून जे मी कधी आयकून घेतलं नाई, ते आता कोन्या तोंडानं सांगू?" मग पेपरची घडी घालत म्हणाले, "जातो. सांगायचं ते सांगतो."

जातो जातो म्हणता म्हणता राहूनच गेलं. पौर्णिमा होऊन काही दिवसच झाले असतील, चाचा बसल्या जागी गेले. मयतीला त्यांच्या मुलानं बाबांच्या हातात एक पिशवी ठेवली. आत पांढरा सदरा होता. "अब्बांनी शिवून ठेवला होता. मास्तर येतील म्हणे, माप काय घ्यायचं त्यांचं."

कब्रस्तानात सगळे माती देत होते. बाबा पिशवी काखेत धरून पुढे झाले, वाकले आणि मूठभर माती टाकून हळूच म्हणाले, "भाई, ते आमचेच आहेत."