पुन्हामास्तर आणि लेकीचं पान

शाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव पुन्हामास्तर ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. कवायतीच्या तासाला कुणाचा हात जरा वाकडा गेला, की मैदानाच्या पार त्या टोकावरून आवाज यायचा, "पुन्हा!" उडी वाकडी गेली तर पुन्हा, आणि सरळ गेली तरीही पुन्हा; कारण ती नशिबानं सरळ गेली की शिकून, हे मास्तरांना बघायचं असायचं. शाबासकी हा प्रकार त्यांच्या दुकानात मिळतच नव्हता. "शाबासकीनं पोरं सैल पडतात," असं ते म्हणत. पोरंही काही कमी नव्हती. मास्तर सकाळी आरशासमोर दाढी करतात आणि झाली की आरशालाच म्हणतात "पुन्हा!", असं ती एकमेकांना सांगत आणि पोट धरधरून हसत.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी माणूस काही बदलला नाही. बायको गेली, घर दोन खोल्यांचं उरलं, आणि त्या दोन खोल्यांत मास्तर एकटे, ताठ कण्यानं, वेळच्या वेळी उठून वेळच्या वेळी झोपत राहिले. खालच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहायची. साठी उलटली तरी सगळे तिला ठकीच म्हणत. ती शिवणकाम करायची. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, जे येईल ते. मशीन थांबलं की तिची जीभ सुरू व्हायची, आणि जीभ थांबली की समजावं, बाई आजारी आहे. मास्तरांना तोंडावर बोलणारं जगात एवढं एकच माणूस शिल्लक राहिलं होतं.

तसं आपलं म्हणावं असं दुसरंही एक माणूस होतं म्हणा. त्यांची मुलगी. एकुलती एक. घरात तिला बारकी म्हणत.

बारकी लहानपणी अशी धावायची, की बघणाऱ्यानं बघत राहावं. मास्तरही बघत राहायचे, पण काय बघायचे? चुका. एकदा मोठ्या शर्यतीत पोर पहिली आली. लोक टाळ्या वाजवतायत, तिची आई पदरानं डोळे पुसतेय, आणि मास्तर सरळ चालत तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "शेवटच्या वळणावर कोपर बाहेर गेलं. उद्या पुन्हा." पोर रडली नाही. तिथंच खाली बसली, बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी घरी गेली. त्यानंतर ती कधी धावली नाही. मास्तरांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे, जाईल. कसला जातोय!

पुढं ती शिकली, नोकरीला लागली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. आई होती तोवर फोन आईमार्फत चालायचे. आई गेली तेव्हा बारकी आली, जिना चढून वर आली, दारात टेकून दम खात उभी राहिली. भरल्या घरात मास्तर तिला म्हणाले, "वजन फार वाढलंय तुझं. जिना झेपत नाही." अहो, त्यात मायाच होती! बायको हृदयानं गेली होती, आणि आता लेकीला धाप लागलेली बघून त्यांच्या काळजात धस्स झालं होतं. पण ते त्यांनी मनातच ठेवलं आणि तोंडातून वजनाचं काढलं. बारकी दुसऱ्या दिवशी निघून गेली आणि मग तिचा फोन येणं बंद झालं.

आता ठकीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या इमारतीला ठाऊक. एके दुपारी ती वर आली, पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली, आणि शेवटी राहवेना तेव्हा मोबाईल पुढं करून म्हणाली, "दादा, तुला सांगू नकोस म्हणून तिनं बजावलंय. तेव्हा मी तुला काही सांगितलेलं नाही. हे बघ. तुझी लेक ब्लॉग लिहिते."

मास्तरांनी चष्मा लावला. पानावर नाव नव्हतं, चेहरा नव्हता. वर एवढंच लिहिलेलं, की लेखिका व्यायाम करायला लागली आहे आणि जमेल तसं इथं लिहिणार आहे. खाली पहिली नोंद: "आज चालायला सुरुवात केली. दम लागला." त्याच्यानंतर कितीतरी महिन्यांनी दुसरी: "बैठका. गुडघे दुखले." मग पुन्हा मोठा खंड, आणि मग नुसता बुटांचा फोटो. संपलं. वाचक म्हणाल तर औषधालाही नाही.

"हे काय लिहिणं झालं?" मास्तर म्हणाले. "याच्यापेक्षा दूधवाला दारावर जास्त लिहून जातो."

"अरे, पण लिहितेय ना! चालतेय ना पोर!"

मास्तरांनी ऐकलं नाही. आपल्या मोबाईलवर उघडून घेऊन ते दुपारभर ते पान वरखाली करत बसले, आणि संध्याकाळी ठकीकडून अक्षरं कशी उमटवायची ते शिकून घेऊन, एकेक बोट दाबत, त्यांनी खाली आपला अभिप्राय लिहिला. "लेख फारच त्रोटक आहेत. किती चाललात, दम कुठे लागला, काहीच कळत नाही. बैठका मारताना टाचा उचलल्या जात असतील, म्हणून गुडघे दुखतात. बुटाची नाडी सैल आहे. सैल नाडीने घोटा मुरगळतो. नियमितपणा शून्य. – एक वाचक."

"देवा रे!" ठकीनं कपाळावर हात मारला. "प्रगतिपुस्तक आहे का ते? लेक आहे तुझी!"

"तिला कुठं माहीत आहे?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "धन्यवाद. नाडी घट्ट बांधली. टाचा खरंच उचलल्या जात होत्या. तुम्हाला कसं कळलं?"

मास्तरांनी ते इतक्या वेळा वाचलं की मोबाईल गरम झाला. ठकीला जिन्यावरून हाक मारून वर बोलावलं आणि मोबाईल तिच्यापुढं धरला. ठकी म्हणते, दादाचे कान लाल झाले होते. बारकीनं त्यांचं ऐकलं होतं! पुढचे काही महिने त्या माणसाचं चालणं बदललं. सकाळी उठले की आधी ते पान. नवीन काही नसायचंच बहुतेक, तरी बघायचं. कधी एखादी ओळ यायची, की लगेच मास्तरांची टीका हजर: श्वासाचं लिहिलेलं नाही, आठवड्यातून किती वेळा ते लिहिलेलं नाही, दोन नोंदींमध्ये एवढं अंतर म्हणजे शिस्त कसली. आणि तिकडून दरवेळी गोड उत्तर. एकदा तिनं विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात का हो?" मास्तरांनी बराच विचार केला आणि लिहिलं, "होतो."

ठकीचा जीव मात्र खालीवर होत होता. तिनं एक दिवस भावाला समोर बसवलं. "दादा, कान उघडे ठेवून ऐक. ज्या गोष्टीला कंटाळून पोर गेली, तीच गोष्ट तू मागच्या दारानं तिच्या घरात नेतोयस. आता तिनं काहीही लिहू दे, 'छान' म्हणायचं आणि गप्प बसायचं. दोन अक्षरं आहेत. जमेल?"

"जमेल," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी ते मनापासून ठरवलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

मग ती नोंद आली. या वेळी लांबलचक. बारकी आता व्यायामशाळेत जायला लागली होती आणि तिनं पहिल्यांदा जमिनीवरून वजनाचा लोखंडी दांडा उचलला होता. "लहानपणापासून काहीही केलं, की मागून कुणीतरी चूक काढेल म्हणून मी अंग चोरून उभी राहायचे," तिनं लिहिलं होतं. "आज कुणाला विचारलं नाही. बरोबर की चूक, बघितलं नाही. उचललं आणि मोठ्यानं हसले." खाली फोटो होता. बाजूनं काढलेला, मान खाली, दांडा गुडघ्यापाशी. आणि तिची पाठ मांजरासारखी वाकलेली.

मास्तरांनी फोटो अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितला. बारकी शाळेत असताना तिनं मैदानावरची जाड गादी अशीच वाकून उचलली होती आणि कमरेत अशी उसण भरली, की पोर कुशीवर वळता येईना म्हणून रडायची. डॉक्टरांनी तेव्हाच आईबापांना बाजूला घेऊन बजावलं होतं, हिला कंबर आयुष्यभर सांभाळायला लागणार. हे तिची आई जाणत होती आणि मास्तर जाणत होते. आता राहिले एकटे मास्तर.

ठकी वर आली तर भाऊ मोबाईल मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसलेला. तिनं नोंद वाचली आणि तिचेच डोळे भरून आले. "दादा, किती सुंदर लिहिलंय रे! लिही आता, छान म्हणून लिही."

"तिची पाठ बघ."

"पाठ गेली खड्ड्यात! ती हसली म्हणतेय!"

"ठके, मणका सरकला तर पोर जन्माची अंथरुणाला खिळेल."

ठकीनं मोबाईल त्यांच्या मांडीवर परत ठेवला. ती खाली गेली. तिचं मशीन सुरू झालेलं वर ऐकू आलं, पण टाका काही धड पडत नसावा. सारखं थांबत होतं. इकडं मास्तरांनी 'छान' लिहिलं आणि पुसलं. 'छान, पण' असं लिहिलं आणि तेही पुसलं. बोललं तर लेक परत जाईल, आणि नाही बोललं तर तिची कंबर जाईल. बापानं काय निवडायचं, सांगा बघू? तेवढ्यात त्यांची नजर फोटोखालच्या शेवटच्या ओळीवर गेली: "उद्या याहून जास्त वजन." मग मास्तरांना कसलाच विचार राहिला नाही. बोटं आपसूक चालली, मैदानाच्या टोकावरून ओरडावं तशी:

"बारके, कंबर! कंबर सरळ!"

पाठवलं आणि मग वाचलं. बारके. अनोळखी वाचक कुणाला बारके म्हणतो का? मास्तरांनी ते पुसायची खटपट केली, हे दाब, ते दाब, पण पुसायचं कुठून ते ठकीनं शिकवलंच नव्हतं.

थोड्याच वेळात फोन वाजला. लेकीचा फोन कित्येक वर्षांत वाजला नव्हता, म्हणून मास्तर उभे राहिले. उभ्यानंच बोलले.

"बाबा, ते तुम्ही होतात?"

"हो."

मग बारकी बोलली, आणि आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मी यांना सांगायचे, की कुणीतरी एक अनोळखी म्हातारा माणूस आहे, तो माझं वाचतो. माझ्या गुडघ्यांची काळजी करतो. चुका दाखवतो, पण माझ्यावर नाराज नसतो. मला इतकं बरं वाटायचं, बाबा. वाटायचं, जगात सगळेच काही तुमच्यासारखे नसतात."

"मीही नाराज नव्हतो गं."

"हे मला कधी कळणार होतं?"

तेवढ्यातही त्यांनी आधी जे महत्त्वाचं ते सांगितलं. "कंबर सरळ ठेवून उचल. पोट आत घे. उद्या वजन वाढवू नकोस."

"नाही वाढवणार. सरळ ठेवीन." ती थांबली. "अजून काही सांगायचंय तुम्हाला?"

ती वाट बघत होती, हे मास्तरांना कळत होतं. तिचा श्वास ऐकू येत होता. एवढं वजन उचललंस, शाब्बास माझ्या बाळा, हे सगळंच्या सगळं त्यांच्या घशाशी आलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "फोटो जरा लांबून काढत जा. पाय दिसत नाहीत."

"बरं, बाबा," बारकी म्हणाली. "आता फोटो नाही टाकणार. ते पान मी बंद करतेय." आणि तिनं फोन ठेवला.

ठकी धावत वर आली तेव्हा मास्तर तसेच उभे होते.

"तिचाच होता ना? काय म्हणाली?"

"कंबर सरळ ठेवीन म्हणाली."

"आणि तू? तू काय म्हणालास?"

मास्तर खाली बसले आणि रडायला लागले. ठकीनं आपल्या भावाला आई गेली तेव्हा, बायको गेली तेव्हा, कधीच रडताना बघितलं नव्हतं, त्यामुळं तिला आधी कळेचना हा आवाज कसला. "मला शाब्बास म्हणायचं होतं गं," ते म्हणत होते. "म्हणायचंच होतं. पाय कुठनं आले मध्येच, देव जाणे."

"मग आत्ता म्हण! उचल फोन. लाव परत."

मास्तरांनी डोळे पुसले, घसा खाकरला, "शाब्बास" हा शब्द एकदा हळूच स्वतःशी म्हणून बघितला आणि फोन लावला. घंटी वाजत राहिली, आणि वाजून वाजून बंद पडली. त्यांनी परत लावला. परत वाजून बंद पडली. तिसऱ्यांदा तर वाजलीच नाही.

"कामात असेल," मास्तर म्हणाले.

ठकीच्या ओठांवर काय काय आलं होतं, ते तिचं तिलाच माहीत. पण ती त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हो रे दादा. कामातच असेल."